साहेबांचा निळा

प्यो साहेब वारले तेव्हा त्यांचा चेहरा चाचणीवर होता.

कोरियातल्या चॉनान शहरात, पडदे बनवणाऱ्या डिस्प्ले कंपनीत प्यो गिचोल यांनी उभी हयात एका निळ्या रंगामागे घालवली. क्वांटम डॉट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. थोरले तांबडे उजळतात, मधले हिरवे, सगळ्यांत धाकटे निळे. तांबडे-हिरवे वर्षानुवर्षं मुकाट जळतात. निळे लवकर मान टाकतात. साहेबांनी टिकेल असा निळा बनवला आणि चाचणीच्या काचेवर नेहमीच्या चौकोनांऐवजी तिन्ही रंगांत स्वतःचा हसरा चेहरा छापला. "चौकोनाकडे रोज कोण बघतंय?" म्हणाले.

हा काचेचा पडदा अखंड पेटता ठेवायचा. निळ्याचा उजेड निम्म्यावर आला की यंत्र आपोआप बंद होतं, आणि जळलेले तास हे त्याचं आयुष्य. मध्येच विझवला तर कण थोडे सावरतात, मग आकडा खोटा पडतो.

साहेबांचं हृदय मात्र मध्येच थांबलं, तेही परवानगीशिवाय.

अंत्यदर्शनाला फुलांमध्ये त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो ठेवला होता. त्यात ते कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखे दिसत होते. त्यांची मुलगी दारम पाहुण्यांना गोमांसाचा तिखट रस्सा वाढत फिरत होती. साहेबांच्या हाताखालची यूनसल आणि तिचा सहकारी मुनसिक एका टेबलाशी बसले होते.

"ताई, बाबा ऑफिसात कधी हसायचे का हो?" दारमने यूनसलला विचारलं. "घरी एक हसरा फोटो सापडला नाही. त्यांना फोटोचाच राग."

"हसायचे म्हणजे काय," मुनसिक रस्सा फुंकत म्हणाला, "आत्ताही हसतायत. लॅबमध्ये. चोवीस तास."

यूनसलने टेबलाखालून त्याला लाथ घातली. उशीर झाला होता. दारम वाढपाचा डाव धरून तशीच उभी राहिली.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

सोपं नव्हतं. कंपनीच्या फाटकावर प्रत्येकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावतात, त्यामुळे आतला फोटो बाहेर नेण्याचा प्रश्नच नाही. मूळ फोटो सुरक्षा विभागाच्या संगणकाने 'कामाशी संबंध नाही' म्हणून केव्हाच पुसला होता. हसरे साहेब आता फक्त त्या काचेवर होते. यूनसलने दारमला आत आणण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, की पाहुणीला ज्या कर्मचाऱ्याला भेटायचंय त्याची सही हवी.

"साहेबांची सही?" मुनसिक म्हणाला. "मीच आणली असती, पण परतीचं तिकीट मिळत नाही म्हणतात."

अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि इकडे साहेब पिवळे पडू लागले. निळा ओसरला की पांढऱ्याचा पिवळा होतो. आधी शर्टाची कॉलर पिवळी झाली, मग दात.

"कावीळ झाली त्यांना," मुनसिक म्हणाला. आणि मग, कधी नव्हे तो हळू आवाजात, "विझव ना ताई. पोरीला बघू दे एकदा नीट."

"आणि आकडा? वरचे लोक निळ्याचं काम बंद करायला टपलेत. आकडा खोटा पडला तर साहेबांनी काहीच केलं नाही असं होईल."

"दुसरा नमुना बनवू."

"त्यांच्या हातचा?"

यूनसल बटणाजवळ उभी राहिली. बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. शेवटी तिने हात खिशात घातला आणि दिवसभर बाहेर काढला नाही.

परवानगी आली तेव्हा पडद्याचे शेवटचे काही तास उरले होते. दारम डोक्यावर टोपी, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या अशा वेषात आत आली. यूनसलने तिला सगळं खरं सांगितलं. "आधीच विझवला असता तर तुला ते गोरे दिसले असते. मी नाही विझवला. अजूनही तू म्हणालीस तर विझवते. थोडे सावरतील."

दारम काचेच्या अगदी जवळ गेली.

"आमच्या स्वयंपाकघरात जुना पिवळा दिवा आहे," ती म्हणाली. "आई बदला म्हणायची. बाबा म्हणायचे, दिवसभर चांगला उजेड बघून डोळे दुखतात, घरी हाच बरा. त्याखाली बसून जेवायचे. ताई, ते घरी अगदी याच रंगाचे होते. पण हे असे हसताना..." तिने नाक पुसलं. "राहू द्या पेटता."

मुनसिकने तिच्यासाठी अक्रोडाचे केक आणले होते. तिने एकही खाल्ला नाही. त्यानेच सगळे संपवले, आणि खाताना रडला. दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत हे त्याला तेव्हा कळलं.

संध्याकाळी दारम उठली. जिवंत वडीलधाऱ्याला आमच्याकडे कोरियात एकदा वाकून नमस्कार करतात, गेलेल्याला दोनदा. तिने गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, आणि एकच नमस्कार करून उठायला लागली. तिच्या मनात एकच होता, हे यूनसलला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात यंत्राने बारीक शिटी दिली. काच काळी झाली.

दारम काळ्या काचेकडे बघत अर्धवट उभी राहिली. मग टोपी सावरून पुन्हा खाली वाकली, आणि बराच वेळ वर आली नाही.

यूनसलने आकडा वाचला. हवा होता त्याहून कमी होता. तिने तो होता तसाच लिहिला, आणि शेजारी साहेबांचं नाव.