विजयाबाईंची सोलो ट्रिप

विजयाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि घरच्यांना अचानक त्यांच्या आयुष्याची काळजी वाटू लागली. त्याआधी कित्येक वर्षं त्या सुरतच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत होत्या. तेव्हा आपल्या आईला आयुष्य वगैरे असेल, असा मुलाला संशयही आला नव्हता. फळ्यावर अँडीज पर्वत आणि सहारा वाळवंट काढणाऱ्या विजयाबाई स्वतः जळगावच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. जळगावलाही जायच्या त्या लग्न, बारसं किंवा दहावं असेल तरच. सोबत नवरा, आणि नवऱ्यासाठी डबा.

"आई, तुम्ही आता स्वतःला शोधायला हवं," सून श्वेता पुण्याहून फोनवर म्हणाली.

"मी हरवलेय कुठे? इथेच आहे, सुरतेत, पर्वत पाटिया भागात."

पण श्वेताने आधीच ट्रिप बुक केली होती. 'फक्त महिलांसाठी सोलो ट्रिप, पचमढी.' नवरा वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी उदार मनाने परवानगी दिली आणि लगेच विचारलं, "माझ्या प्रेशरच्या गोळ्या कुठे असतात?"

ट्रिपचे मालक मगनभाई मूळचे सुरतच्याच कतारगामचे, हिऱ्याच्या धंद्यातले. हिऱ्यांत मंदी आल्यावर त्यांनी बायकांना पैलू पाडायचं ठरवलं होतं. सुरत स्टेशनवर त्यांनी सगळ्यांना गुलाबी टोप्या वाटल्या. त्यावर लिहिलं होतं, 'मी एकटीच पुरेशी'. अशा पुरेशा बायकांनी अख्खा डबा भरला. शिवाय सोबत स्वयंपाकाला महाराज, त्यांची पातेली, तुरीच्या डाळीची पोती आणि खाकऱ्यांचे डबे. गाडीत विजयाबाई बाथरूमला गेल्या, तरी दाराबाहेरून कुणीतरी काळजीने विचारी, "विजयाबेन, ठीक छो ने?"

पचमढीला धनश्री मॅडम आल्या. त्या लाईफ कोच. वय विजयाबाईंच्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढं, पण त्यांना आयुष्याचा अर्थ पूर्ण कळलेला होता. संध्याकाळी सगळ्यांना धूपगडावर नेलं. सूर्य सातपुड्यामागे उतरू लागला, डोंगरांच्या एकामागे एक निळ्या रांगा दिसू लागल्या, आणि नेमक्या त्या क्षणी धनश्री मॅडम म्हणाल्या, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. तुमच्या आतल्या सूर्याकडे बघा."

सगळ्या बायकांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. विजयाबाईंनी नाही मिटले. आतला सूर्य घरी बसूनही बघता आला असता. हा समोरचा बघायला पैसे भरले होते. त्या एकटक बघत राहिल्या. फळ्यावर त्या सातपुडा खडूच्या तीन वाकड्या रेघांत उरकत. खरा सातपुडा संपतच नव्हता. याच डोंगरांत, दक्षिणेला कुठेतरी मुलताई असणार. तापीचा उगम. वर्षानुवर्षं त्यांनी नकाशावर तिथे एक ठिपका दिला होता आणि तिथून निळी रेघ ओढत सुरतपर्यंत आणली होती. तीच तापी त्या रोज रिक्षात बसून पुलावरून ओलांडायच्या, ट्रॅफिकला शिव्या देत.

परत येताना त्यांनी जीपवाल्याला विचारलं. छिंदवाड्याची बस सकाळी सुटते, तिथून मुलताईला दुसरी बस मिळते, असं तो म्हणाला. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आता नाही म्हणायला कारणच उरलं नाही, आणि त्याचीच त्यांना जरा भीती वाटली.

सकाळी त्यांनी गुलाबी टोपी मगनभाईंच्या हातात दिली. "मी इथून एकटीच जाणार आहे. मुलताईला."

मगनभाईंचा चहा हातातच राहिला. "अकेली? अरे बेन, ये तो सोलो ट्रिप है! सोलो ट्रिप में ऐसे अकेले थोडी जाते हैं?"

धनश्री मॅडमनी हळुवारपणे विचारलं, "ताई, तुम्ही कशापासून पळताय?"

"दुपारच्या सेशनपासून," विजयाबाई म्हणाल्या आणि बॅग उचलली.

मगनभाईंनी कर्तव्य म्हणून सुरतला फोन लावला. पाचच मिनिटांत वसंतरावांचा फोन आला. "अगं, तिथे तुझं काय काम आहे?"

"काही नाही," विजयाबाई म्हणाल्या. काही काम नसताना कुठे तरी जाणं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते बोलून दाखवताना जीभ जरा अडखळली, पण नंतर छान वाटलं.

बस अर्ध्या घाटात बंद पडली. दुसरी आली तीत बसायला जागा नव्हती. मुलताईला पोचेपर्यंत दिवस कलायला आला होता आणि कंबर पार मोडली होती. स्टँडजवळच्या लॉजमधला माणूस त्यांच्या मागे बघू लागला. मागे कुणीच नव्हतं.

"साथ में कौन है?"

"कोई नहीं."

"फिर कमरा नहीं मिलेगा. पति का नंबर दीजिए, बात करा दीजिए."

म्हणजे स्वतःचा शोध घ्यायचा, तर नवऱ्याची तोंडी मंजुरी हवीच. विजयाबाईंच्या पायात गोळे आले होते आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. पण आठवी 'ब'समोर त्या कधी रडल्या नव्हत्या. त्या सोफ्यावर बसल्या, टेबलावर आपलं आधार कार्ड ठेवलं, आणि ज्या नजरेने अख्खा वर्ग गप्प व्हायचा त्या नजरेने त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पिशवीतून थेपला काढून शांतपणे खायला लागल्या. तो माणूस आधी फोनमध्ये बघायला लागला, मग कॅलेंडरकडे, मग छताकडे. शेवटी त्याने किल्ली पुढे सरकवली. "मैडम, गरम पानी सुबह मिलेगा."

खोलीत गेल्यावर त्यांनी दाराला आतून खुर्ची लावली. तशाच पलंगावर बसून त्या थोडा वेळ रडल्या, आणि रडता रडता त्यांना त्या माणसाचा चेहरा आठवून हसू आलं.

सकाळी त्या उगम बघायला गेल्या. त्यांच्या मनातला उगम म्हणजे खडकातून फुटलेला शुभ्र प्रवाह. प्रत्यक्षात गावाच्या मधोमध एक तलाव, चहूबाजूंनी पायऱ्या, देऊळ, पायरीवर कपडे धुणाऱ्या बायका. पाणी जागचं हलत नव्हतं.

"और नदी?" त्यांनी एका बाईला विचारलं.

"यही तो है," ती म्हणाली. मग यांचा पडलेला चेहरा बघून तिला दया आली असावी. "बहती हुई देखनी है तो उधर जाओ, गाँव के बाहर."

विजयाबाई विचारत विचारत गावाबाहेर गेल्या. एक ओढा गव्हाच्या शेतांच्या कडेने वळत चालला होता. त्याच्या काठाने त्या चालत राहिल्या, चपलांना चिखल लागला, साडीला कुसळं चिकटली. एके ठिकाणी पाणी इतकं अरुंद झालं की त्या थांबल्या. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. साडी वर खोचली आणि एक पाय पलीकडे टाकला.

एक पाय या काठावर, एक त्या काठावर, मध्ये तापी. सुरतेत जिच्यावर पुलामागून पूल बांधावे लागले, ती खळखळत त्यांच्या दोन पायांमधून निघाली होती. विजयाबाई मोठ्याने हसल्या. इतक्या मोठ्याने त्या घरात कधी हसल्या नव्हत्या. वसंतरावांची झोप मोडली असती.

परतल्यावर घर जागच्या जागी होतं. वसंतरावांनी वरण-भात करायला शिकून घेतलं होतं आणि एव्हरेस्ट चढून आल्यासारखे ते सगळ्यांना सांगत होते. मगनभाईंनी जाहिरातीत विजयाबाईंचा टोपीतला फोटो छापला, 'आमच्या ट्रिपने दिली एकटीने फिरण्याची हिंमत'. विजयाबाईंनी भांडायचा कंटाळा केला.

खालच्या मजल्यावरच्या मालतीबाई मात्र एका दुपारी वर आल्या. त्या घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम करत. बोटांना गोंद तसाच होता. मुलताईची हकीकत त्यांनी तोंड उघडं ठेवून ऐकली आणि मग हळूच म्हणाल्या, "बाई, मनं माहेर प्रकाशा गावले शे. तापीकाठीच. कितला वरीस व्हयनात, गयीच नही. पोऱ्ह्याले टाइम नही, मले लयी कोण जाई?"

"तुम्ही स्वतः."

"मी? एकली?" मालतीबाई घाबरून हसल्या. "मले ते पाटीबी वाचता येत नही. तुमी चला ना संगे."

"मी नाही येणार," विजयाबाई म्हणाल्या. आणि जुनी पाटी शोधून त्यावर मोठ्या अक्षरांत 'नंदुरबार' लिहिलं.

मालतीबाई आठवडाभर रोज दुपारी येऊन ते अक्षर अक्षर लावत बसल्या. गाडीत कुठे बसायचं, नंदुरबारला उतरून प्रकाशाच्या एसटीला कुणाला विचारायचं, कुणी "संगे कोण?" म्हटलं तर काय करायचं, सगळं झालं. शेवटच्या प्रश्नासाठी विजयाबाईंनी ती वर्गातली नजर शिकवली. मालतीबाईंना ती काही केल्या जमेना. दर वेळी त्या फिसकन हसायच्या.

उधना स्टेशनवर मालतीबाई खिडकीजवळ बसल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. गाडी हलली तसा त्यांचा चेहरा रडवेला झाला. "बाई, मी उतरू का?" त्या ओरडल्या.

"आता उतरायचं ते नंदुरबारला!" विजयाबाई फलाटावरून ओरडल्या, आणि गाडी पुढे गेली.