डोळे उघडणारा खुंट

एक खुंट. मनगटाएवढा, करडा, सालीचे पापुद्रे सुटलेला.

मासेमारीची नायलॉनची दोरी.

सागू माडाच्या पिठाची भाकरी, ताटात तशीच राहिलेली.

ताप.

"मागे सरा रे! पूर्वजांवर सावली पडते!" आमच्या गावचा भगत हेंगकेकाका ओरडला आणि जायफळाच्या बागेत जमलेला गाव मागे सरला. त्याने फांदीवरच्या खुंटाकडे बोट दाखवलं. "पूर्वज या लाकडात बसलेत. आजाऱ्याचं नाव घेतो. लाकडाने डोळे उघडले, तर माणूस वाचला!"

त्याने खोडावर काठी आपटली. "यूनिके!"

खुंटाने डोळे उघडले. पिवळे, गोल.

बायका रडायला लागल्या. माझी धाकटी बहीण नोर्चे गुडघ्यांवर बसली. यूनिके तिची एकुलती एक पोर, घरी तापाने पडलेली.

"बोटीने दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं.

"ताई, तूही बघितलंस ना? उघडले ना?"

"दवाखान्यात पूर्वज असतात का गं?" हेंगके हसला. "तिथे नुसत्या सुया!"

लोकही हसले. नोर्चेने त्याला कोंबडी दिली.

खुंटाचे डोळे रोज उघडत होते. यूनिकेचे मिटत चालले. मग मिटलेच.

पोरीला पुरून नोर्चे तडक बागेत गेली. मी मागोमाग. हेंगके नव्हता, काठी होती.

"यूनिके," ती म्हणाली. काही नाही. "यूनिके!" काहीच नाही.

तिने काठी उचलली. ठक्. डोळे उघडले.

"चप्पल!" ठक्. उघडले.

"भाकरी!" ठक्. उघडले.

मग ती खालीच बसली.

मी फांदीवर चढले. ते घुबड होतं, आमच्या बेटाबाहेर कुठेच न सापडणारं. दिवसा अंग ताठ करून झोपतं, सालीसारखं दिसतं. हादरा बसला की डोळे उघडतं. त्याचा पाय नायलॉनने फांदीला बांधला होता. रात्री शिकारीला जाणार कसं? पिसांखाली नुसती हाडं लागली. मी दोरी कापली. ते उडालं नाही, माझ्या हातातच मेलं.

नोर्चेने ते मेलेलं पाखरू चर्चच्या पायरीवर ठेवलं.

"पण माझा नवरा बरा झाला की!" जमलेल्यांतली एक बाई म्हणाली.

"डोळे तुझ्यासाठी उघडले, माझ्यासाठीही उघडले," नोर्चे म्हणाली. "ते काठीला दचकत होतं, बाई. पोराला ताप आला तर झाडाला विचारू नका. बोटीत बसा."

यूनिकेला ताप भरला त्या सकाळी दवाखान्याची बोट धक्क्याला लागली होती. निम्मी रिकामीच परत गेली.