काचेआडचा बॉयलर

हात लावू नका मित्रांनो, तशी पाटीच आहे. कोळशावर चालणारा जुना बॉयलर म्हणतात तो मीच. तुमच्या सहलीतलं हे दुसरं ठिकाण. पहिल्या ठिकाणी फुकट बिस्किटं मिळाली आणि इथे मी मिळालो, म्हणून तोंडं पाडू नका. आणि त्या मागच्या जांभया देणाऱ्याला उठवा जरा. मला बोलायची संधी रोज मिळत नाही.

जाड पत्रे वाकवून, रिव्हेट ठोकून मला बनवलं आणि या लाँड्रीच्या तळघरात आणून बसवलं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे धुवायला यायच्या. रक्ताचे डाग, चहाचे डाग, आणखी कसले कसले डाग. मी पाणी उकळायचो, वाफ वर पाठवायचो, आणि वरून पांढऱ्याशुभ्र चादरींचे गठ्ठे बाहेर पडायचे. खाली आम्ही काळे ठिक्कर. त्या चादरीवर लोळणाऱ्याला आमच्याशी काय देणंघेणं?

माझ्यासमोर बरेच भट्टीवाले उभे राहिले. त्यातला एक मात्र टिकला. त्याला सगळे भट्टीदादा म्हणायचे. त्याची बायको वर इस्त्री विभागात होती. तो फावड्याने कोळसा टाकायचा, राख ओढायचा आणि माझ्याशी गप्पा मारायचा. ‘‘काय रे ढेरपोट्या, आज फुगलास का?’’ असं विचारायचा. मला असली लाडीगोडी आवडत नाही. पण तो रजेवर गेला की बदलीवाला मला मुकाट्याने कोळसा भरवायचा, तेव्हा करमायचं नाही, हे कबूल करतो.

आता ‘बिचारा बॉयलर’ म्हणून उसासे टाकू नका. मी घाणेरडाच होतो. समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या कपड्यांवर माझी काजळी बसायची. तिथल्या बायका मला शिव्या द्यायच्या आणि बरोबरच द्यायच्या. मला बंद केलं ते उत्तम केलं. माझी तक्रार पुढच्या तमाशाबद्दल आहे.

एके दिवशी मोठ्या हॉटेलांनी कळवलं की धूर सोडणाऱ्या लाँड्रीत आम्ही चादरी देणार नाही. झालं! मालकांना रातोरात पृथ्वीचा उमाळा आला. छतावर सौर पट्ट्या बसल्या, तळघरात कपाटाएवढा विजेचा बॉयलर आला. भट्टीवाल्यांना निरोप द्यायला मांडव घातला. मालक माइकवर म्हणाले, ‘‘आज आपण धरणीमातेचं ऋण फेडतो आहोत.’’ ऋण केलं मालकांनी आणि ते फेडायला निघाले भट्टीवाले! वा रे वा! प्रत्येकाच्या हातात कुंडीतलं एकेक रोप दिलं, फोटो काढला आणि फाटकाबाहेर वाट दाखवली. भट्टीदादाच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडते. तिथे त्याने रोप जगवायचं की स्वतः जगायचं?

रोपाचं जाऊ द्या. खरी गोष्ट अशी की नोकरीबरोबर दवाखान्याचं कार्डही गेलं. भट्टीदादाची छाती बरीच वर्षं घरघरत होती आणि त्या कार्डावर त्याला औषध मिळायचं. कार्ड गेलं, औषध थांबलं, खोकला वाढला. इस्त्रीची कामंही तोवर ठेकेदाराकडे दिली होती, त्यामुळे बायकोचं काम तेच राहिलं, पण तिच्याकडेही कार्ड नव्हतं. त्याला पगारापेक्षा ते कार्ड हवं होतं.

‘‘जुन्या माणसांना आम्ही वाऱ्यावर सोडत नाही,’’ असं मालकांनी वर्तमानपत्रात छापून आणलं होतं. म्हणून सौर पट्ट्या पुसण्याच्या प्रशिक्षणाला भट्टीदादाला बोलावलं. शिडी चढताना मध्यावरच त्याला उबळ आली. दोघांनी धरून खाली उतरवलं. दम नसलेला माणूस छतावर चालत नाही, असं सांगून घरी पाठवलं.

इकडे माझे मात्र लाड सुरू झाले. मला घासलं, चंदेरी रंग फासला, काचेच्या दालनात आणून ठेवलं. माझ्या पोटात लाल दिवा आणि पंखा बसवलाय. पंख्यापुढे भगव्या चिंध्या फडफडतात, त्याला आग समजायचं! शरमेने मेल्यासारखं होतं मला. मग मालकांना वाटलं, इथे फावडं घेऊन एखादा भट्टीवाला उभा केला तर शोभा येईल. कायमची नोकरी, गणवेश, कार्ड.

वर इस्त्री करताना बायकोच्या कानावर हे आलं. तिने भट्टीदादाच्या मागे टुमणं लावलं, ‘‘अहो, जा की! सोंग तर सोंग. औषध तरी सुरू होईल.’’ त्याचा सदरा तिने स्वतः कडक इस्त्री करून दिला.

तो आला. या दालनाच्या बाई, त्याच तुम्हाला मघाशी माहिती देत होत्या, त्यांनी विचारलं, ‘‘अनुभव आहे का, काका?’’

‘‘जन्म याच्यासमोरच गेला, बाई.’’

‘‘अरे वा! मग करून दाखवा. जरा हसत हसत.’’

त्याने फावडं उचललं. कोळसा म्हणजे काळा रंगवलेला थर्माकोल. ‘‘हा फुंकला तरी उडेल,’’ म्हणून तो खरंच हसला, आणि त्या हसण्यातूनच उबळ आली. माझं दार धरून तो वाकला आणि खोकत राहिला. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

‘‘काका, राग मानू नका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण लहान मुलं येतात इथे. असा खोकला बरा दिसत नाही. आपला विषय स्वच्छ हवा आहे ना!’’

‘‘खोकला इथलाच आहे, बाई.’’

‘‘हो, पण आता इथे नको,’’ असं म्हणून त्यांनी रांगेतल्या पुढच्याला हाक मारली. भट्टीदादाने फावडं जागच्या जागी ठेवलं आणि तो निघून गेला.

तो बघा, काजळी फासलेला पोरगा तुम्हाला हात हलवतोय. ती काजळी साबणाने निघते. त्याचा काही दोष नाही, पोटासाठी करतो बिचारा. त्याला साधी सर्दीही होत नाही आणि कार्ड त्याच्या खिशात आहे.

तुमच्या शाळेच्या निबंधांत माझ्यासारख्यांनी शेवटी ‘आमची निगा राखा’ असं विनवायचं असतं. माझी निगा पुरे झाली! रोज मऊ फडक्याने पुसतात मला, एक ओरखडा पडला तरी धावाधाव होते. बाहेर तुम्हाला सांगतील की इथला धूर संपला. साफ खोटं आहे. आकाशातला संपला, भट्टीदादाच्या छातीतला तसाच आहे, आणि तेवढा नेमका फाटकाबाहेर ठेवलाय. मित्रांनो, मोठे व्हा, हवा स्वच्छ करा, जरूर करा. पण आत्ता एक काम करा. दारात मालक फोटोसाठी उभे आहेत, त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, बॉयलर म्हणतोय मला तोडा, भंगारात विका आणि त्या पैशांतून भट्टीदादाचं औषध आणा.