अप्पांचा हुंकार

आमच्या घरात लेखक एकच, पण त्याचं लिखाण अडलं की घोर सगळ्यांना. लेखक म्हणजे आमचे हे, हरिहर. बँकेत अधिकारी. ब्याण्णव साली साताऱ्याहून लखनौला बदली झाली आणि तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत आम्ही भाड्याचं घर घेतलं. आम्ही दोघं, लेक मैत्रेयी आणि माझे सासरे, अप्पा.

पुण्याच्या एका दिवाळी अंकात दर वर्षी यांची एक कथा यायची. एकच, पण न चुकता, सतरा वर्षं. गेल्या वर्षी श्रावणात अप्पा गेले आणि खंड पडला. आम्हाला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. दुःख ओसरलं नाही आणि लिखाणही आलं नाही. यंदा जूनमध्ये संपादकांचं कार्ड आलं. ‘कथा ऑगस्टअखेर हवी. यंदाही जमणार नसेल तर मोकळेपणाने कळवा, म्हणजे पुन्हा आपल्याला त्रास देणार नाही.’ यांनी ते कार्ड चार वेळा वाचलं आणि मला म्हणाले, “सरोज, हे शेवटचं कार्ड आहे बघ.”

मग उपाय सुरू झाले. अमीनाबादच्या बाजारात जाऊन नवं शाईपेन आणलं. पेनने काही केलं नाही. मग टेबल पूर्वेकडे तोंड करून ठेवलं, आठवड्याने उत्तरेकडे. हलवताना माझी कंबर धरली, कथा होती तिथेच. रोज पहाटे फिरायला जाणं झालं, त्यातून फक्त भूक वाढली. शेवटी महाराष्ट्र मंडळातल्या मालिनीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “लेखकाला शांतता लागते हो. माझ्या भावाने खोलीचं दार लावून अख्खं पाठ्यपुस्तक लिहिलं.”

झालं! मी कंबर कसली. एखादी गोष्ट हातात घेतली की मी ती तडीला नेते, हा माझा गुण आणि हाच दोष. रेडिओ बंद. शिटी नको म्हणून डाळ कुकरऐवजी पातेल्यात. भाजीवाल्याशी घासाघीस गेटबाहेर जाऊन, तीही हळू आवाजात. त्याला वाटलं माझा घसा बसलाय. मैत्रेयीने घरात अनवाणी चालायचं आणि बाबांच्या खोलीकडे फिरकायचं नाही.

“आई, ये घर है या लायब्ररी?” ती म्हणाली. अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

“हळू बोल,” मी म्हटलं.

एवढं करून कागद कोराच. ऑगस्टची वीस तारीख उजाडली. मला मनातून संतापही यायचा आणि जीवही तुटायचा. इतका बोलका माणूस, भिंतीकडे बघत बसलेला मला बघवत नव्हता.

त्या रविवारी दुपारी लाइट गेली. कूलर थांबला, घामाच्या धारा लागल्या, म्हणून हे खोलीतून उठून बाल्कनीत आले. तिथे मैत्रेयी भूगोलाच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालत बसली होती आणि कागदाचा पार चोळामोळा करत होती. मी स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होते. थोड्या वेळाने बाल्कनीतून यांचा आवाज यायला लागला. म्हटलं, ही पोरगी त्रास देतेय यांना. उलथनं हातात तसंच घेऊन मी रागावायला निघाले.

दारापर्यंत पोचले आणि थबकले. हे कव्हराची घडी घालत गोष्ट सांगत होते.

“...तर त्या म्हाताऱ्याला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. पण रोज रिक्शा करून अमीनाबादला जायचा आणि कापडवाल्यांशी मराठीत भांडायचा.”

“हाँ,” मैत्रेयी म्हणाली.

“एके दिवशी पाऊस थांबला, म्हातारा रिक्शातून उतरला आणि छत्री रिक्शातच राहिली.”

“हाँ. फिर?”

हे थांबले. मीही जागच्या जागी थिजले, कारण ही गोष्ट मी ऐकली होती. इथवरच ऐकली होती.

अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना वाचता येत नसे, म्हणून हे रोज संध्याकाळी लिहिलेलं वाचून दाखवायचे. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणाऱ्याने पुढे जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अप्पा वेताच्या खुर्चीत बसून ‘हं’, ‘हं’ करायचे, रंगले की ‘मग?’ आणि एखाद्या जागी अप्पांचा हुंकार आला नाही, की हे तिथल्या तिथे ती ओळ खोडायचे. मला ते म्हाताऱ्या माणसाचं मन रमवणं वाटायचं. त्याला मी काम म्हणून कधी मोजलंच नाही.

छत्री राहिली, तिथे अप्पांनी ‘मग?’ विचारलं होतं. यांना पुढचं सुचलं नव्हतं. हे म्हणाले, “उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत.

आणि मी या माणसाला इतके दिवस काय दिलं? शांतता! ज्याला एक हुंकार हवा होता, त्याच्यासाठी मी कुकरची शिटीसुद्धा बंद केली. स्वतःचाच असा राग आला की काय सांगू.

“बाबा, फिर क्या हुआ?” मैत्रेयीने पुन्हा विचारलं.

यांनी पुस्तक खाली ठेवलं. “उद्या सांगतो, बेटा.”

“उद्या नाही,” मी म्हटलं. इतक्या मोठ्याने की खालचा रिक्शावाला वर बघायला लागला. “उद्या अजिबात नको. आत्ता सांगा.”

यांनी डोळे पुसले. मग बोलायला लागले, आधी अडखळत. म्हातारा घरी आला. संध्याकाळी पुन्हा धो धो पाऊस. म्हाताऱ्याने सरकारला शिव्या दिल्या, पावसाला दिल्या... इथे मैत्रेयी कव्हराशी खेळत गप्प राहिली. हे थांबले, म्हणाले, “हे नको,” आणि उरलेल्या खाकी कागदावर पेन्सिलीने भराभर काहीतरी लिहिलं.

“तेवढ्यात गेटपाशी रिक्शावाला. सगळं महानगर पालथं घालून आला होता. नखशिखांत भिजलेला आणि काखेत छत्री. मिटलेली.”

“खोली क्यों नहीं?”

“दुसऱ्याची होती ना.”

“हाँ...” मैत्रेयी सरसावून बसली. “फिर?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मैत्रेयीकडे नाही, माझ्याकडे. सोळा वर्षांच्या संसारात हे काही सांगायला लागले की मी ‘बरं, पुढे काय झालं ते पटकन सांगा’ याखेरीज काही म्हटलं नव्हतं. आतून करपल्याचा वास येत होता. मी उलथनं खाली ठेवलं, अप्पांची वेताची खुर्ची ओढून तिच्यात बसले आणि म्हटलं, “हं.”