भिंतीवरचा हार

श्रीवर्धनजवळच्या एका सुपारीच्या वाडीत माझ्या बायकोने, नेत्राने, उत्खनन केलं. सापडलेल्या खापरांवरून तिने मांडलं, की इथे दोन हजार वर्षांपूर्वी बंदर होतं. खड्ड्याच्या मधोमध तिने मातीची एक भिंत मुद्दाम न खोदता ठेवली. आपलं चुकलं असेल तर पुढच्यांना तपासता यावं म्हणून.

ती गेल्यावर तिचा सहकारी हितेश मला तिथे घेऊन गेला. त्याने भिंतीला हार घातला, नारळ फोडला.

"काका, ही आता मॅडमची आठवण. हिला कुणी हात लावायचा नाही."

"मग तपासणार कसं?"

"वेगळंच काही निघालं तर? मॅडमचं नाव आहे."

"आमटीत मीठ टाकलं की ती मला चाखायला लावायची. स्वतःच्या जिभेवर तिचा भरवसा नव्हता. आणि तू तिला देव करतोस?"

मी हार उतरवला आणि कुदळ त्याच्या हातात दिली.

"खोद. चुकीची ठरली तरी बायको माझीच हाय."

हितेश चपला काढून खड्ड्यात उतरायला लागला.

"चपला घाल," मी म्हणालो. "देऊळ न्हाय ते."