कपाटातले बुवा

या, जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेल्याला गोष्ट अर्धीच ऐकू जाते. शेळगावातल्या एका घराची हकिगत सांगायची आहे. उठून जाताना मन थोडं हलकं होईल, एवढा शब्द माझा.

शेळगावच्या कौसल्येच्या घरी थैलीतून एक पाहुणा आला. बारामतीतले कुणी भाडेकरू खोली सोडून गेले आणि पाळलेला इग्वाना मागंच ठेवून गेले. हिरवागार, सरड्याच्या जातीचा परदेशी जीव. हातभर अंग आणि त्याहून लांब शेपटी. जनावरांची डॉक्टर करुणा हिनं त्याला त्या बंद खोलीतून सोडवलं, पण तिच्या स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कौसल्येच्या म्हशीच्या निमित्तानं दोघींची ओळख होती.

"मावशी, ही घोरपड न्हाय, भिऊ नका. वनखात्याला मी कळवलंय," करुणा म्हणाली. "तुमच्याकडं मानवलं तर ऱ्हाईल. न्हाय मानवलं तर लांब पुण्याला पाठवावं लागंल."

लेक छकुली सासरी गेल्यापासून नवराबायकोला बोलायला म्हशीवाचून विषय उरला नव्हता. कौसल्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितंच."

तिचे मालक संभाजीराव हौशी. त्यांनी लगेच कोंबड्यांचं असतं तसं बुटकं खुराडं ठोकलं आणि आत एक अंडं ठेवलं. पाहुण्यानं अंड्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. करुणा हसली. "आबा, हा पाला खाणारा हाय. आन् झाडावर ऱ्हातो, त्याला उंची लागती."

"म्हंजी माळकरीच की," संभाजीराव म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

छकुलीचं शाळेच्या दिवसांतलं लाकडी कपाट माळ्यावर धूळ खात पडलं होतं. ते खाली आलं. दारं काढून तिथं बारीक जाळी बसली. फळ्यांच्या जागी पेरूच्या जाड फांद्या आडव्यातिडव्या आल्या. कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमधला जुना बल्ब उबेसाठी वर टांगला, पाण्याला पसरट परात ठेवली. विकत असं फार काही आणावं लागलं नाही. कपाट ओसरीवर पूर्वेला तोंड करून उभं राहिलं. परसातला शेवगा, जास्वंदीची फुलं, म्हशीच्या वाट्यातला लसूणघास, सगळं पाहुण्याला चालू लागलं. फांदीवर बसून, गळ्याखालची लोंबती कातडी फुगवून तो मान अशी हलवायचा की जणू समोर टाळकरी उभे आहेत. त्याचं नाव बुवा पडलं.

गाव बघायला लोटलं. आणि शेजारच्या द्वारकाआक्का सकाळ-संध्याकाळ येऊन एकटक बघत बसू लागल्या. आक्कांना मूलबाळ नव्हतं. बारशाला त्यांना बोलावणं जायचं नाही. नवी व्यालेली म्हैस त्या दिसल्या की बाया आडोशाला घेत. कौसल्या मनानं वाईट नव्हती, पण रीत अंगात मुरलेली. तिनं जुनं लुगडं काढलं आणि कपाटावर वरपासून खालपर्यंत सोडलं. म्हणाली, "त्याला थंडी वाजती."

दुसऱ्या दिवसापासून आक्का यायच्या बंद झाल्या.

महिना सरला तसे बुवा खाली उतरले ते वर चढेनात. मागचे पाय थरथरायचे, पाला तसाच सुकायचा. कौसल्येनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, बल्ब दिवसभर चालू ठेवला. शेवटी करुणाला फोन केला.

करुणा आली, तिनं पाय चाचपले आणि लुगड्याकडं बघितलं. "हे कधीपास्नं?"

"महिना झाला. ऊब ऱ्हाती, बल्ब हाय की आत."

"मावशी, बल्बनं ऊब मिळती, हाडं भरत न्हाईत. त्याला ऊन पाहिजे, थेट अंगावर. छकुलीला तेल लावून कोवळ्या उन्हात धरत नव्हता का? आता औषध देते मी. पण रोज जाळी उघडून ऊन द्यायचं आन् माणसानं समोर बसायचं, मांजर-कावळं लई. जमणार नसंल तर आत्ताच सांगा, मी घेऊन जाते."

दिवसभर कोण बसणार? दोघं तर खुरपणीला जात. कौसल्येनं लुगड्याचा काठ मुठीत धरला. मग तिनं ते ओढून काढलं आणि कुंपण ओलांडून आक्कांच्या दारात गेली.

आक्का जोंधळा पाखडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ते लुगडं माझ्यापायी लावलंस न्हवं?"

कौसल्येला खोटं बोलवेना. "व्हय."

"तुझ्या शेवग्याकडं रोज बघती मी. अजून वाळला न्हाय त्यो." सूप दोनदा आपटलं. "जगंल का बुवा?"

"उन्हात राखाय कुणी बसलं तर. आक्का, तुमी बसाल का?"

आक्कांनी सूप खाली ठेवलं. "पदर झटकून येती," म्हणाल्या, आणि तोच डोळ्याला लावून आल्या.

त्या दिवसापासून आक्का जाळी उघडून, काठी घेऊन कपाटापुढं बसू लागल्या. बुवांवर नजर, तोंडात अभंग. ऊन चढलं की कपाटावर अर्ध्यात सावली करायच्या. उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी बुवा थरथरत, थांबत थांबत वरच्या फांदीवर पोचले. करुणानं पाय तपासले, त्याला न्यायला आणलेली थैली घडी करून परत गाडीत टाकली आणि चहाला बसली. पहिला कप कौसल्येनं आक्कांच्या हातात दिला.

देव सगळ्यांच्या डोळ्यांतून बघतो, असं आपण कीर्तनात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन पडदे ओढतो. तर मायबापहो, एवढंच मागणं. घरात कुणाचं बारसं निघालं, गाय-म्हैस व्याली, तर गूळ वाटताना आपापल्या शेजारच्या द्वारकाआक्कांची आठवण ठेवा.