केकच्या जागी हातमोजे

मी चहाची गाडी. लाकडाची, दोन फळ्यांची, चार छोट्या चाकांची. विलायतेतल्या मोरकॅम्बच्या समुद्रकिनाऱ्यावरून बोलतेय. मला कुणी ढकलल्याशिवाय मी जागची हलत नाही, पण एकदा निघाले की माझ्यावरच्या कपबशांची किणकिण ऐकून वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा आपापली कवळी शोधायला लागायची.

प्रेस्टनच्या एका सुताराने मला घडवलं. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलसाठी त्याने माझ्या बहिणीही घडवल्या होत्या. पुढे लोक सुट्टीला विमानात बसून स्पेनला जायला लागले, हॉटेलला टाळं लागलं आणि आम्ही बहिणी पांगलो. मी आले लार्कहिलमध्ये. लार्कहिल म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं घर. खिडकीतून खाडी दिसते, आणि ओहोटी असली की नुसता चिखल.

तिथे मला ढकलायची लिनेट हारग्रीव्ह्ज. म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं हे तिचं काम. बाई धिप्पाड. हसली की काचा थरथरायच्या. एकदा स्वयंपाकघरात सीगल नावाचा दांडगा समुद्रपक्षी शिरला. सगळे किंचाळत बाहेर पळाले. लिनेटने त्याला काखेत मारला आणि, "चल बाबा, तुझी खोली इथे नाही," म्हणत दाराबाहेर सोडला. तिला कशाची भीती वाटत असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

स्वयंपाकघर क्लाइव्हचं. हा अंगाने काटकुळा, पण हट्टाने डोंगराएवढा. आलं आणि काकवी घातलेला पार्किन केक त्याच्यासारखा कुणी करत नसे. दुपारचं काम आटोपलं की तो आणि लिनेट मागच्या पायरीवर चहाचे मग घेऊन बसायचे आणि एकमेकांची खेचायचे. अशी दोस्ती मी हॉटेलातसुद्धा पाहिली नव्हती.

आणि हिल्डा रॉथवेल! नव्वदी ओलांडलेली, मुठीएवढी बाई. तरुणपणी ती धक्क्यावरच्या जत्रेत फळीला पाठ लावून उभी राहायची आणि तिचा नवरा अल्फ तिच्या भोवती सुरे फेकायचा. "संसार असाच करावा," ती म्हणायची, "नेम चांगला असलेल्या माणसाशी!"

मग ती साथ आली.

लार्कहिलच्या व्यवस्थापक बर्निस व्हिटलबाई. त्यांच्याकडे सरकारच्या सूचना यायला लागल्या. सोमवारी आलेली सूचना गुरुवारी बदलायची. बाई ती मोठ्याने वाचायच्या, पाणी प्यायच्या आणि पुन्हा वाचायच्या. एकत्र चहा बंद. एकत्र जेवण बंद. भेटायला येणं बंद. माझ्यावरच्या कपबश्या उचलल्या गेल्या आणि मला पुढच्या दाराशी उभं केलं. लागेल तशी मला आतही फिरवत. वरच्या फळीवर, जिथे केक असायचा तिथे, हातमोज्यांचे खोके. खाली मास्क, प्लास्टिकचे ॲप्रन आणि सॅनिटायझरची बाटली. साखरेची सवय असलेल्या माझ्या लाकडाला तो वास सोसायचा नाही. पण तक्रार कुणाकडे करणार? सगळ्यांचंच तसं चाललं होतं.

त्या वसंतात आमची काही माणसं गेली. त्यांच्याविषयी मी फार बोलणार नाही. प्रत्येकाचा कप मला ओळखीचा होता, एवढंच.

हिल्डाचा मुलगा गॉर्डन दर गुरुवारी यायचा आणि बाहेर फुलांच्या वाफ्यात उभा राहून बंद काचेतून ओरडायचा.

"आई, मागचं कुंपण पडलं!"

"कोण पडलं?"

"कुंपण!"

"अरे पण कोण?"

शेवटी तो स्वतःच वाफ्यात आडवा पडून दाखवायचा आणि आतली सगळी मंडळी पोट धरून हसायची. तो गेल्यावर मात्र हिल्डा बराच वेळ काचेवरच्या त्याच्या हाताच्या ठशाकडे बघत बसायची.

पुढच्या हिवाळ्यात लस आली. म्हाताऱ्यांचा मान पहिला. हिल्डाने बाही वर केली आणि नर्सला म्हणाली, "आयुष्यभर माझ्या अंगावर सुरे आलेत, पोरी. सुईचं काय घेऊन बसलीस?" लिनेट तिचा दुसरा हात धरून उभी होती. सुई बाहेर निघाली आणि लिनेटचा चेहरा ताकासारखा पांढरा झाला. तिने माझा दांडा असा घट्ट धरला की माझे सांधे करकरले.

"रात्रपाळी झालीय ना, थकवा आलाय," ती म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. हिल्डाने फक्त एक भुवई वर केली.

उन्हाळ्यात नवा नियम आला. म्हाताऱ्यांच्या निवासात काम करायचं तर नोव्हेंबरपर्यंत लशीचे दोन्ही डोस झालेले हवेत. डॉक्टरांनी सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर आत पाऊल ठेवायचं नाही. सांभाळणारी असो, स्वयंपाकी असो, सगळ्यांना एकच नियम. बर्निसबाईंनी सगळ्यांना जेवणघरात बोलावून तो वाचून दाखवला.

"मी घेणार नाही," क्लाइव्ह म्हणाला. "विनंती केली असती तर विचार केला असता. दम देऊन दंड पुढे करायला सांगता?"

"मी नाही रे दम देत," बर्निसबाई रडकुंडीला आल्या. "माझ्या हातात असतं तर..."

"मीपण नाही घेणार," मागून लिनेट म्हणाली. "क्लाइव्ह म्हणतो तेच माझं म्हणणं."

बर्निसबाई मटकन खुर्चीत बसल्या. "लिन, अगं, तूसुद्धा? तू गेलीस तर मी हे घर चालवू कसं?"

क्लाइव्हने लिनेटच्या पाठीवर थाप मारली. आपल्यासोबत कुणीतरी आहे म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. लिनेटचा मात्र उतरला होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी ॲप्रन बांधत असताना हिल्डा चाकाच्या खुर्चीतून आली आणि तिने सरळ विषयालाच हात घातला.

"कधीपासून घाबरतेस सुईला?"

"मी? छे! काहीतरीच काय हिल्डा, मी क्लाइव्हसारखाच विचार करते..."

"क्लाइव्हचा विचार क्लाइव्हपाशी राहू दे. त्याला काय नकोय ते त्याला पक्कं ठाऊक आहे. तू त्याचा कोट उसना घालून फिरतेस, आणि तो तुला काखेत घट्ट होतोय. मी जन्मभर घाबरलेल्या बायका बघितल्यात, लिन. पहिल्या दिवशी मीच काय कमी घाबरले होते!"

लिनेटने ॲप्रनच्या नाडीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "शाळेत रांगेत उभी होते," ती हळूच म्हणाली. "सगळ्या वर्गासमोर चक्कर येऊन पडले. मुलं वर्षभर मला कणकेचा गोळा म्हणायची. मला लस नको असं नाही हो, हिल्डा. तुम्हाला माझ्यामुळे काही झालं तर मी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. पण ती सुई!"

"मग ऐक. सुऱ्याकडे बघायचं नाही, हे पहिलं. डोळे मिटायचे नाहीत, हे दुसरं. मिटले की सुरा मनातल्या मनात मोठा होतो. तिसऱ्या रांगेतला एखादा जाडा माणूस शोधायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचं. आणि एवढं करूनही नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. पण ते नाही तुझं स्वतःचं असू दे."

जाडा माणूस म्हणून मिस्टर पॉम्फ्रेट यांची नेमणूक झाली. लार्कहिलमध्येच राहणारे हे गृहस्थ पूर्वी बस चालवायचे. अंगाने हडकुळेच, पण गाल फुगवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. दुपारी दिवाणखान्यात तालीम चालायची. हिल्डा विणकामाची सुई उगारायची, पॉम्फ्रेट भोपळ्यासारखे गाल फुगवायचे आणि लिनेट त्यांच्याकडे बघत दहापर्यंत मोजायची. तिसऱ्यावरच तिला हसू फुटायचं.

सप्टेंबरात लस द्यायला मॅरिसेल नावाची फिलिपिनो नर्स आली. लिनेट ताठ मानेने पुढे झाली. बाही वर केली. मॅरिसेलने दंड पुसायला नुसता कापूस काढला, सुई अजून डब्यातच होती, आणि लिनेट माझ्यावर कोसळली!

आयुष्यात पुष्कळ ओझी वाहिली मी, पण असं ओझं नाही. माझी खालची फळी चिरली, दांडा निखळला, एक चाक मोडलं, हातमोजे दिवाणखानाभर उडाले. एक पॉम्फ्रेटच्या डोक्यावर जाऊन बसला. त्यांनी गाल फुगवलेलेच ठेवले होते.

मॅरिसेल गुडघ्यांवर बसली. "राहू दे आज. घाई नाही. मी पुन्हा येईन."

लिनेटने जमिनीवरूनच एक डोळा उघडला. "पुन्हा? म्हणजे पुन्हा रात्रभर तळमळायचं? नको बाई. आता खालीच पडलेय, आणखी खाली कुठे पडणार? दे."

"नक्की? तुझ्या मनाने?"

"माझ्या मनाने. दे लवकर!"

"जाड्याकडे बघ!" हिल्डा ओरडली. पॉम्फ्रेट खुर्चीतून पुढे वाकले. त्यांचे गाल लालबुंद झाले होते, डोक्यावर हातमोज्याची पाच बोटं उभी होती. लिनेट हसायला लागली ती थांबेचना.

"टोचलंस, की नुसतं पुसतेयस अजून?"

"केव्हाच झालं," मॅरिसेल म्हणाली.

दिवाणखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वयंपाकघराच्या दारात क्लाइव्ह उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो आला आणि मला उचलून मोडलेल्या चाकासकट आत घेऊन गेला.

तो माझ्या फळीला सरस लावत असताना लिनेट आली. तो लावतच राहिला.

"माझेच शब्द वापरत होतीस तर," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"सुईला घाबरतेस हे मला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू हसला असतास."

"हसलो असतोच!" तो म्हणाला, आणि त्याला खरंच थोडं हसू आलं. मग त्याने मान खाली घातली. "मला वाटलं होतं आपण दोघं आहोत, लिन. आता मी एकटाच राहिलो."

"मग घे ना तूपण. क्लाइव्ह, मी तुझा हात धरते. तुला वाटतं तितकं..."

"मी घाबरत नाही गं, हीच तर अडचण आहे. मला पटत नाही. ही माणसं माझ्या हातचं खातात, माझ्यामुळे कुणाला काही झालं तर, हेही डोक्यात येतं. झोप लागत नाही. पण हुकमाने दंड पुढे करणं मला जमायचं नाही. तुला जमलं, बरं झालं. त्यांना तू हवीस."

लिनेटने सरसाची बाटली धरली, त्याने खिळे ठोकले. दोघांनी मिळून मला पुन्हा उभं केलं.

लिनेटचा दुसरा डोस वेळेत झाला. नोव्हेंबरात क्लाइव्ह गेला. जाताना इतका पार्किन करून ठेवला की आठवडाभर पुरला. बर्निसबाई त्याला फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि लाल डोळ्यांनी परत आल्या. नियम त्यांनी केला नव्हता, पण चावी त्यांनाच परत घ्यावी लागली.

आणि गंमत बघा, पुढच्या वसंतात सरकारने तो नियमच मागे घेतला! लिनेटला हसावं की रडावं कळेना. बर्निसबाईंनी त्याच दिवशी क्लाइव्हला फोन लावला. पण त्याने तोवर किनाऱ्यावर चहाची टपरी घेतली होती. "इथे वारा फार आहे," तो म्हणाला, "पण हुकूम करायला वर कुणी नाही."

मला वाटलं, आता केक परत येणार. आला, पण माझ्यावर नाही. चिरलेल्या लाकडात जंतू राहतात, ते पुसून नीट स्वच्छ होत नाही, म्हणून चकचकीत स्टीलची नवी गाडी आली. मला कचऱ्याच्या गाडीसाठी फाटकाबाहेर ठेवलं.

लिनेट कामावरून निघाली, मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग आत गेली आणि हिल्डाला घेऊन आली. खुर्ची ढकलायला गॉर्डन होताच. त्याला आता आत यायची मोकळीक होती. पुढे मी, मागे हिल्डा, अशी आमची वरात किनाऱ्याच्या रस्त्याने निघाली. कुत्रे भुंकत होते, पोरं वळून बघत होती.

"हे काय आणलंत?" क्लाइव्हने टपरीतून डोकं बाहेर काढलं.

"तूच दुरुस्त केलीयस," लिनेट म्हणाली, "आता तूच सांभाळ."

तेव्हापासून मी इथे, टपरीच्या आडोशाला. खारा वारा माझा रंग उडवतो, सीगल माझ्यावर बसून नको ते करतात. लिनेट आणि क्लाइव्ह अजून त्या नियमावरून भांडतात. दोघांचंही म्हणणं संपत नाही आणि चहाही संपत नाही. मी कुणाची बाजू घेत नाही. मला दंडच नाही.

हिल्डा गेल्या हिवाळ्यात गेली. सकाळी, उजेडात, लिनेटचा हात धरून. मरणाचाही नेम चांगला लागला म्हणायचा.

पण दर गुरुवारी लार्कहिलची मंडळी इथे येतात, आणि गॉर्डनही येतो. आता लार्कहिलमध्ये त्याचं कुणीच नाही. तरी येतो आणि पॉम्फ्रेटजवळ बसतो.

जाता जाता एवढंच सांगते. तुमच्याही गावात कुणीतरी खिडकीशी बसलेलं असेल. मध्ये काच नसेल तर तेवढं आत जा. काही न्यायची गरज नाही. बोलायला सुचलं नाही तर चहा आहेच.

पॉम्फ्रेटना हल्ली फारसं आठवत नाही. दर वेळी ते गॉर्डनकडे निरखून बघतात आणि विचारतात, "तू कुणाचा रे?"

"गुरुवारचा," गॉर्डन म्हणतो, आणि खुर्ची जवळ ओढतो.